तगादगीर तिनकडीचा कंठीबदल

तिनकडी तगादगीर आमच्या तांतीआळीत, विणकरांच्या आळीत, आधी आवाजानं यायचा आणि मग अंगानं. घाटाकडच्या कोपऱ्यावर चिंचेखाली उभा राहायचा, ताडपानाची छत्री बगलेत मारायचा आणि तिथूनच बोंब ठोकायचा, "काय रे, धोटे चालतायत की सगळे झोपलेत? कुणाचा तागा राहिलाय कोठीचा?" मग बऱ्याच वेळानं तो स्वतः दिसायचा. अंग पुष्कळ होतं, ते आणायला वेळ लागायचा.

कोठीची, म्हणजे साहेबांच्या कापडवखारीची, उचल घेतली की माग तेवढा आमचा, मागावरचं सगळं कोठीचं. कोठीत गादीवर बसायचे बैकुंठ मुन्शी, साहेबांचे गुमास्ते. त्यांचे जोडे सहसा आळीच्या चिखलाला लागत नसत. आळीत फिरायचं, कुणाचा ताणा लागला, कुणाचा धोटा थांबला, कोण दुसऱ्या व्यापाऱ्याला चोरून कापड देतो ते हुंगायचं आणि सगळ्यांच्या मानेवर बसून तगादा लावायचा, हे काम तिनकडीचं. कोठीचं कापड पुरं होईपर्यंत मागावर दुसरं काही चढवायचं नाही हा नियम. पुरं झालं की पुढची उचल गळ्यात बांधलेलीच. म्हणजे कधीच काही चढवायचं नाही. फुंकर मारली तर उडेल असलं कापड विणणारी आमची माणसं स्वतः हाटातलं जाडंभरडं गुंडाळून हिंडायची. शांतिपूरच्या विणकराला शांतिपुरी साडी नाही, यावर मी लग्न होऊन आले तेव्हा आठवडाभर चिडले होते. मग सवय झाली.

तिनकडीच्या आईची आधीची पोरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मल्याबरोबर सुइणीनं आईला तीन कवड्या देऊन याला विकत घेतला, यमाला पत्ता लागू नये म्हणून. तेच नाव पडलं, कवडीला आमच्याकडे कडी म्हणतात. माझे सासरे नीलांबर, आडनाव प्रामाणिक, आळीचे मुखिया, म्हणायचे, "सुईण फसली. एक कवडी फार झाली असती."

तगादगीर ज्या घरी बसेल त्या घरानं त्याला जेवू घालायचं अशी रीत होती. आम्ही बायकांनी त्याला पळवून लावायचा चंग बांधला होता. मी कारलं करायची, त्यावर कडुनिंबाचा पाला तळून घालायची, भात कालचा, पाण्यातला. तिनकडी मांडी घालून बसायचा, पहिला घास घेऊन डोळे मिटायचा आणि सुनेला हाक मारतात तशी मारून म्हणायचा, "बौमा, कारल्याला हात आहे तुझा. अजून थोडं आहे का?" अशा माणसाचं काय करायचं, सांगा. बायको गेलेली, मूल नाही, घरी चूल नाही. त्याला कुणी वाढलं की झालं.

तरी आम्ही त्याला एका बाबतीत बनवत होतो, निदान आम्हाला तसं वाटत होतं. कुणाच्या मागावर चोरून काही चढलेलं असलं, लेकीचं लुगडं म्हणा, एखादा गमछा म्हणा, तर कोपऱ्यावरून बोंब ऐकू आली की दार लोटायचं, आत एका पोरीला पांघरूण घालून निजवायचं आणि बाहेर सांगायचं, आत बाळंतीण आहे. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही. तिनकडी दारातूनच "बरं बरं, आई-बाळ सुखरूप ना?" असं विचारून पुढं जायचा. आमच्या आळीत बारा महिने कुणी ना कुणी बाळंतीण असे. पाळणे मात्र तेवढे हलत नसत.

आता लाह्यांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

सुताला आमच्याकडे खळ द्यायची ती साळीच्या लाह्यांची. लाह्या भिजवून, कुस्करून, चिमूटभर चुना घालून. खळ नाही तर ताणा टिकत नाही, तुटून तुटून जीव घेतो. भाद्रपदात एक दिवस कडक ऊन पडलं म्हणून मी लाह्यांची टोपली ओट्यावर ठेवून घागर भरायला तळ्यावर गेले. परत येते तो टोपली रिकामी आणि तिनकडी मिशांवरचा गूळ पुसतोय.

"छान होत्या लाह्या, बौमा," तो म्हणाला. "गूळ तेवढा पुंटीकडून मागून घ्यावा लागला."

पुंटी ही माझी नणंद. ती दाराआड तोंडात पदर कोंबून उभी.

"त्या खळीच्या होत्या," मी म्हटलं. "आता सूत काय तुमच्या पोटात बुडवून काढू? आज ऊन आहे. उद्या नसलं तर ताणा लांबणार, तागा लांबणार आणि कोपऱ्यावर उभं राहून बोंबलणार कोण? तुम्हीच."

तिनकडीचा चेहरा उतरला. "म्हणजे या ताग्याला उशीर झाला तर तगादा मी मलाच लावायचा?"

"आधी लाह्या आणा. मग लावा काय लावायचा तो."

मी टोपली त्याच्या हातात दिली आणि कुंज बोष्टमीकडे पिटाळलं. ही कुंज तळ्याच्या वळणावर झोपडीत राहायची. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. मग तिनं तुळशीची कंठी घेतली, वैष्णवांच्या आखाड्यातली झाली, म्हणजे बोष्टमी. कार्तिकात पहाटे झांजा वाजवत गाणं म्हणत आळी उठवायची, माधुकरी मागायची आणि एरवी सगळ्या आळीला लाह्या भाजून द्यायची. वयानं चाळिशीची. गळा गोड, जीभ नाही.

तिथं काय झालं ते मला नंतर तिनंच सांगितलं. तिनकडीनं टोपली पुढं केली तशी तिनं वाळू तापलेल्या कढईकडे बोट दाखवलं आणि काड्यांची झाडणी त्याच्या हातात दिली. "खाल्ल्या तुम्ही. भाजा तुम्ही." पहिला घाणा त्यानं जाळला. दुसऱ्याच्या लाह्या उडून त्याच्या मिशीत बसल्या. कुंज हसली. आळीतलं कुणी त्याच्यासमोर असं मोकळं हसलंच नव्हतं हो कधी, हसलेच तर पाठीमागं. दुपार कलल्यावर तिनकडी आमच्याकडे आला तो मनगट पोळलेलं, डोक्यावर टोपली आणि तोंडात कीर्तनाची चाल.

त्यानंतर आमच्या घरी लाह्या संपेनात. मग शेजारच्या घरी. मग सगळ्या आळीत. घरोघर ओट्यावर भरलेल्या टोपल्या, त्यावर साळुंक्यांचे थवे. "कोठीनं लाह्या वाटायला काढल्यात की काय?" सासरे विचारायचे. मी आपली धोट्याच्या कांड्या भरत राहायची.

दुर्गापूजा झाली आणि एक दिवस तिनकडी आमच्या ओट्यावर येऊन बसला. जेवायला मागितलं नाही. मला धडकीच भरली.

"बौमा, कुंजला एक विचारशील?"

"काय?"

"लाह्या कशा चालल्यात ते."

"ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

त्यानं छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "कंठीबदलाचं विचार," तो छत्रीच्या आडून म्हणाला.

बोष्टमीला दुसऱ्या लग्नाची आडकाठी नसते. आखाड्यात महंतांसमोर दोघांनी आपापल्या गळ्यातली कंठी काढून एकमेकांना बांधायची, झालं लग्न. पण त्यासाठी त्यालाही कंठी घेऊन आखाड्यातलं व्हावं लागणार होतं.

"जात सोडावी लागेल," मी म्हटलं.

"जातीनं मला कधी जेवायला बोलावलंय?"

"मासेसुद्धा सोडावे लागतील."

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. "हिलसासुद्धा?"

"हिलसासुद्धा."

तो नदीच्या दिशेनं बघत बराच वेळ बसला. मग एक सुस्कारा टाकला. "तू विचार," म्हणाला.

मी गेले. कुंज कढईशी बसली होती. तिनं ऐकून घेतलं, लाजली वगैरे अजिबात नाही.

"माणूस वाईट नाही," ती म्हणाली. "माझ्या विनोदाला हसतो आणि स्वतःच्या जाळलेल्या लाह्या स्वतः खातो. पण मोक्षदा, मी या आळीच्या माधुकरीवर वाढले. प्रत्येक दारानं मला मूठ मूठ तांदूळ घातलाय. ज्याच्या नावानं ही आळी बोटं मोडते, त्याच्यासाठी मी भात कसा टाकू?"

"मग नाही म्हणून सांगू?"

तिनं झाडणी फिरवली. "नवं कापड नेसून कंठी देईन. पण ते कापड या आळीनं विणलेलं हवं आणि आपणहून दिलेलं हवं. त्यानं मागायचं नाही, दरडावायचं नाही आणि ही अट कुणाला सांगायचीही नाही. तूसुद्धा नाही. कार्तिकातल्या रासपौर्णिमेपर्यंत थांबते. नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी आखाड्यातली मंडळी वृंदावनला निघतायत, मी त्यांच्याबरोबर जाते. परत काही यायची नाही."

मी हे तिनकडीला वाढता वाढता सांगितलं. त्यानं पान बाजूला सारलं.

"बौमा, या आळीत कोठीवाचून दुसरं कापड विणू न देणं हे माझंच काम आहे."

"हो."

"म्हणजे कुणी मला कापड द्यायला मागावर बसलाच, तर त्याला धरायचं मीच."

"हो."

"बाई हुशार आहे," तो म्हणाला आणि उठून गेला. मी वाढलेली मोच्याची भाजी, केळफुलाची, तशीच राहिली. खरं सांगते, त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला.

दुसऱ्या दिवसापासून तिनकडीनं चांगलं वागायला सुरुवात केली आणि आळीची झोप उडाली.

कोपऱ्यावरची बोंब बंद. तो मांजरासारखा यायचा, दारात उभा राहून हळूच म्हणायचा, "चाललंय ना? चालू द्या. जमेल तसं." जेवायला बसा म्हटलं तर "नको, तुम्हाला त्रास." सासऱ्यांनी धोटा हातातच धरून ठेवला. "जमेल तसं?" ते मला म्हणाले. "कोठीचा माणूस 'जमेल तसं' म्हणतो? बौमा, सूत लपव. काहीतरी भयंकर येतंय." पलीकडच्या घरात तिनकडीनं रडणारं पोर उचलून घेतलं, तर पोराच्या आईनं संध्याकाळी त्याची दृष्ट काढली. कुणी म्हणालं त्याला ज्वर आहे, कुणी म्हणालं नोकरी जाणार, कुणी म्हणालं नवा कर. मला सगळं ठाऊक आणि तोंड शिवलेलं. माझ्या पोटात भात राहतो तेवढा वेळही गोष्ट राहत नाही, पण ती ठेवली. पोट दुखायचं माझं.

अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, पुंटीचं लग्न ठरलं होतं. विणकराच्या लेकीनं सासरी जाताना बापाच्या मागावरची साडी नेसायची, हे आमच्यात ठरलेलं. कोठी येवो की आणखी कुणी, ही रीत कुणी मोडलेली नाही. कार्तिक लागला तेव्हा सासऱ्यांनी कोठीचा तागा कापून दिला, पुढचं सूत यायला थोडा अवकाश होता. त्यांनी लगेच पुंटीची साडी चढवली. लाल काठ, अंगभर बारीक बुट्टी. आम्ही निर्धास्त, कारण बोंब ऐकू आली की दार लोटायला वेळ असतो. त्या खेपेला बाळंतीण व्हायची पाळी माझी होती.

बोंब आलीच नाही. बैकुंठ मुन्शींना तिनकडीच्या गोडव्याची खबर लागली होती आणि तगादगीर मऊ पडला म्हणजे काय ते बघायला ते जातीनं आले. मी अंगणात भोपळा चिरत होते. मान वर केली तर समोर चकचकीत जोडे, त्यामागं तिनकडी, गोरामोरा झालेला. मी उठेपर्यंत जोडे आत.

सासरे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. उठताही येईना. मुन्शींनी लाल काठाला काठीचं टोक लावलं.

"हे कुणाच्या परवानगीनं?"

शेजारच्या गावात असंच सापडलं तेव्हा माग उपटून नेला होता आणि विणकराला कोठीच्या मागच्या खोलीत कोंडलं होतं. ती खोली आळीत सगळ्यांना माहीत होती.  पुंटी खांबाला धरून उभी.

"माझ्या," तिनकडी म्हणाला.

मुन्शी वळले.

"माझं आहे ते, मुन्शीजी. मीच दरडावून चढवायला लावलं. आपल्या माणसानं आपल्यापुरतं एखादं कापड विणून घेतलं तर चालतं, असं माझ्या समजुतीत होतं. गेल्या हिवाळ्यात आपल्या घरची दोन धोतरं याच मागावर..."

मुन्शींना खोकला आला. "तुला साडी कशाला रे?"

"लग्न आहे."

"कुणाचं?"

"माझं."

मुन्शी इतके हसले की पगडी सरकली. "बायको कोण? त्या मुलीच्या बापाला डोळे आहेत ना?"

"कुंज बोष्टमी," तिनकडी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. बाहेर जमलेल्या आळीनं हे ऐकलं आणि अंगणात एकदम कुजबूज उठली.

मुन्शींचं हसू ओसरलं. त्यांनी एकदा तिनकडीकडे बघितलं, एकदा पुंटीकडे. मूर्ख नव्हता तो माणूस. "ठीक आहे," ते म्हणाले. "रासाला मी आखाड्यात येतो. बोष्टमीच्या अंगावर हीच साडी दिसली पाहिजे मला. नाही दिसली तर नीलांबर, तू आणि तुझा माग, दोघंही कोठीत."

ते गेल्यावर सासरे खड्ड्यातून वर आले आणि तिनकडीसमोर उभे राहिले. मला वाटलं आता हात उगारतात.

"तू ओरडला का नाहीस?" ते म्हणाले. "इतकी वर्षं कोपऱ्यावरून ओरडतोस. आजच तोंड शिवलंस?"

"मला वाटलं, आळीला आवडत नाही."

"आवडत नाहीच. पण त्यानं दार लोटायला..." सासरे थांबले. त्यांनी तिनकडीकडे नीट बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"दादा, एवढ्या बाळंतिणी आणि उष्टावणाचं आमंत्रण एकही नाही," तिनकडी म्हणाला. "मी खाण्यापिण्यातला माणूस. इतकी जेवणं बुडाली ती मला कळणार नाहीत?"

सासरे पुन्हा खड्ड्यात उतरले आणि धोटा टाकला.

साडी पुरी झाली. सासऱ्यांनी बुट्टीत कुठं काटकसर केली नाही. पुंटी मात्र माझ्याशीही बोलेना, कांडी भरून दिली की पाठ फिरवायची. तिचं तरी काय चुकलं? तिची साडी दुसरीच्या अंगावर जाणार होती, तीही कोठीच्या धाकानं.

रासाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीआधी, मी घडी घेऊन कुंजकडे निघाले. तिनकडी माझ्या मागून आला. त्यानंच आधी तोंड उघडलं.

"ही साडी पुंटीची आहे," तो कुंजला म्हणाला. "आळीनं दिलेली नाही. मी खोटं बोलून घेतली. आपणहून देण्यासारखं यात काही उरलेलं नाही. तेव्हा तुझी अट काही पुरी झाली नाही. एवढंच सांगायला आलो."

कुंजनं घडी मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवलं. "ही मी नेसणार," ती म्हणाली. "नाही नेसले तर नीलांबरदांचा माग जातो. पण नेसणं वेगळं आणि कंठी देणं वेगळं. कंठीचं उद्या सगळ्यांसमोर ठरवीन. विचारीन, हे कापड कुणी दिलं."

मी घडीवर हात ठेवला. "मुन्शी बसलेले असणार तिथं. तिनकडीनं दरडावून विणवलं म्हणून सगळे सुटलेत. आम्ही आपणहून दिलं असं कुणी म्हटलं तर नियम मोडला आळीनं. मग कोण वाचवणार?"

"तेच म्हणतेय मी. जे द्यायला भीती वाटते आणि तरी देतात, त्याला देणं म्हणतात. आणि मोक्षदा, घरी जाऊन सांगू नकोस."

"विचारू नकोस तू," तिनकडी म्हणाला. "कुणी बोलणार नाही आणि कुणी बोलूही नये. तू सुखानं वृंदावनला जा."  तो गेला.

मी घरी येऊन खरंच काही सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी आखाड्याचं अंगण फुलून गेलं होतं. कदंबाच्या फांद्या, झेंडूच्या माळा, बत्तासे, खोल नावाचा मृदंग आणि झांजा. मुन्शींना पुढं चौरंग दिला होता. तिनकडी नव्या कंठीत आणि धुतलेल्या धोतरात महंतांजवळ उभा, मान खाली. मग कुंज आली. जन्मभर पांढऱ्यात बघितलेली ती बाई त्या लाल काठात अशी दिसली की माझ्या शेजारणीनं माझा दंडच धरला. मुन्शींनी काठ बघितला, मान डोलावली. सासऱ्यांचा माग वाचला.

महंत म्हणाले, "कंठी काढा."

कुंजनं गळ्याला हात लावला आणि थांबली. खोल वाजवणाऱ्यालाही तिनं हातानं थांबवलं.

"आधी एक विचारते," ती म्हणाली. "हे कापड मला कुणी दिलं?"

"मी..." तिनकडीनं तोंड उघडलं.

"तुम्हाला नाही विचारलं."

 उत्तर द्यावं तर नियम मोडल्याची कबुली, हे सगळ्यांना कळलं. मुन्शी चौरंगावर ताठ बसले. मी सासऱ्यांकडे बघितलं, ते जमिनीकडे बघत होते.  तिनकडी डोळ्यांनी सगळ्यांना विनवत होता, गप्प राहा म्हणून. आयुष्यभर कोपऱ्यावरून कोकलणारा तो माणूस.

"माझी होती," पुंटी म्हणाली. ती गर्दीतून पुढं आली, नाक लाल झालेलं. "मला राग आला होता. पण आता मी दिली. कुंजमावशीला दिली आणि तिनकडीकाकांनाही दिली. काकांना ती नेसता यायची नाही म्हणून मावशीनं नेसलीय."

कुणीतरी हसलं. सासऱ्यांनी मान वर केली.

"विणली मी," ते मुन्शींकडे बघून म्हणाले. "कुणी दरडावलं नव्हतं. माझ्या मर्जीनं चढवली, माझ्या मर्जीनं आज दिली. या माणसानं माझ्यासाठी आळ अंगावर घेतला."

"कांड्या मी भरल्या," मी म्हटलं. हे खरंच होतं. पण माझ्यामागून जे सुरू झालं त्यात खरं फारसं नव्हतं. "खळ आमच्या घरची," शेजारीण म्हणाली. "काठाचं सूत मी रंगवलं," असं ज्यानं सांगितलं त्याला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. "धोटा माझा." "ताणा माझ्या दारात लावला." बघता बघता अख्खी आळी उभी राहिली. त्या एका साडीला इतके हात लागले होते की ती विणून झाली हेच नवल. मला इतकं हसू आणि इतकं रडू एकाच वेळी कधी आलं नाही.

मुन्शींचा चेहरा आधी लाल झाला, मग विचारात पडला. घाटावर कापड न्यायला हिवाळ्याच्या नावा लागल्या होत्या. अख्खी आळी बांधून नेली तर कोठीचे तागे काय ते स्वतः खड्ड्यात उतरून विणणार होते? त्यांनी एक बत्तासा तोंडात टाकला.

"रासाला ढोल फार बडवतात," ते शेजारच्याला म्हणाले. "माणसाला काही ऐकू येत नाही."

ढोल तेव्हा वाजत नव्हता. तो नंतर सुरू झाला. अग्रहायणात पुंटीला दुसरी साडी मिळाली, त्यासाठी मला पुष्कळ दिवस बाळंतीण व्हावं लागलं.

कुंजनं कंठी काढली आणि पुढं होऊन तिनकडीच्या गळ्याभोवती धरली. दोन्ही टोकं एकमेकांना भेटेनात. तिनं ओढून बघितलं. तिनकडीनं श्वास आत घेतला, पोटही आत घेतलं, त्याचा मानेला काय उपयोग. महंत हसायला लागले, खोलवाला हसायला लागला. तिनकडी घाबराघुबरा होऊन म्हणाला, "अपशकुन तर नाही ना?"

तेवढ्यात सासरे पुढं आले. त्यांच्या कमरेला नेहमीच सुताची एखादी गुंडी खोचलेली असे. त्यांनी हातभर सूत तोडलं, अंगठ्यावर पीळ दिला, एका टोकाला गाठ मारली आणि दुसरं टोक जोडायला तिनकडीच्या मागं जाऊन उभे राहिले. कोठीच्या माणसाच्या मानेला हात लावायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"झालं का, दादा?" तिनकडीनं विचारलं. "मुहूर्त जाईल."

"तगादा लावू नकोस," सासरे म्हणाले. "कोठीचं नाही, घरचं काम आहे हे. सावकाश करतोय. हलू नकोस."

तिनकडी रडत होता आणि हलायची बंदी असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते. ते कुंजनं लाल पदरानं पुसले.